राबावर घातलेली गाडी

माझी नोकरी आज हातात आहे ती एका बाईमुळं. ती वाणगावच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला एका पाड्यावर राहते. दहाबारा घरांचा पाडा. तिथं सगळे तिला बाय म्हणतात, म्हणून मीपण बायच म्हणतो. वयानं माझ्या आईएवढी. मी तिचा कुणी लागत नाही. तिची बोली मला निम्मी कळते, माझी तिला निम्मी. तरी त्या दिवशी तिनं माझ्यासाठी जे केलं ते सख्ख्या माणसानं केलं नसतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे सांगायचं आहे त्यात मी काही चांगला दिसणार नाही.

मी हिंगोलीकडचा. आठवीत शाळा सोडली. इंग्रजीचा तास आला की माझ्या पोटात दुखायचं, आणि एक दिवस दुखलं ते मग शाळेचं नाव काढलं तरी दुखायला लागलं. वडील म्हणाले, राहू दे, रानात चल. पण रान दीड एकर आणि भाऊ तिघं. एकोणिसाव्या वर्षी गावातल्या एकाच्या मागं बोईसरला आलो. एमआयडीसीत एका कंपनीत ठेकेदाराकडं पिंपं उचलायला लागलो. पिंपात काय असायचं ते कुणी सांगितलं नाही. संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमाल पिवळा व्हायचा. चार वर्षं ते केलं. मग टँकरवाल्या एका ड्रायव्हरच्या हातापाया पडून गाडी शिकलो, लायसन काढलं, आणि पार्सल पोचवणाऱ्या एका एजन्सीत छोट्या टेम्पोवर लागलो. पहिल्या दिवशी स्टिअरिंगला हात लावून पाया पडलो तेव्हा गोदामातले लोक हसले. हसोत. मला पुन्हा पिंपांकडं जायचं नव्हतं.

टेम्पोच्या काचेखाली एक मशीन बसवलेलं होतं. हाताच्या पंज्याएवढा पडदा, त्यावर नकाशा, आणि आत एक बाई बोलायची, हिंदीत. "दो सौ मीटर बाद बाएँ मुड़ें." आम्ही ड्रायव्हर तिला मास्तरीण म्हणायचो. सगळ्यांना ते नाव गमतीचं वाटायचं. मला नाही वाटायचं. तिचा आवाज आला की माझे खांदे आपोआप वर जायचे, जसे वर्गात नाव पुकारल्यावर जायचे.

मास्तरीण रस्ता सांगायची एवढंच असतं तर चाललं असतं. तिला अजून दोन कामं होती. पार्सलाच्या ठिकाणाभोवती पडद्यावर एक निळा गोल असायचा. टेम्पो त्या गोलात शिरला तरच 'पोचवलं' हे बटण दाबता यायचं. गोलाच्या बाहेर, दहा पावलांवर गिऱ्हाईक हात पुढं करून उभं असलं तरी बटण मुकं. हे पहिलं काम. दुसरं म्हणजे तिनं सांगितलेला रस्ता सोडला की ती टुक टुक वाजायची आणि बोईसरच्या ऑफिसात आमच्यावर नेमलेल्या सरांच्या पडद्यावर आमची गाडी लाल व्हायची. बटण न दाबता पुढं गेलं तरी लालच. महिन्यात तीन वेळा लाल झालात की गाडीवरून खाली. चावी दुसऱ्याला. दारात दुसरे पाचजण उभेच असायचे, सगळे लायसनवाले, काहीजण तर बारावी शिकलेले.

त्या मे महिन्यात माझे दोन लाल होऊन बसले होते.

पहिला सातपाटीत झाला. तिथलं पार्सल देऊन पुढं मुरब्याचं द्यायचं होतं. मास्तरीण म्हणाली, "सीधे जाएँ." सीधे म्हणजे खाडी. पलीकडं मुरबे समोर दिसत होतं, घरांचे पत्रे मोजता येतील इतकं. लोक होडीनं जातात-येतात, आणि मशीननं ती होडीची वाट गाडीची म्हणून धरली होती. मी धक्क्यापाशी टेम्पो उभा करून पडद्याकडं बघत बसलो. बोंबील वाळत घालणारी एक बाई माझ्याकडं बघून दुसरीला ओरडली, "अगो बघ, याचा टेम्पो पोवतंय वाटतं!"

"पोवू दे की," दुसरी म्हणाली. "भरती हाय. लवकर पोचंल."

मी पण हसलो. मग मागं फिरून लांबच्या रस्त्यानं वळसा घालून मुरब्याला गेलो, आणि लाल झालो. ऑफिसात सरांना सांगितलं, "सर, मधे पाणी होतं."

सर माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनी लहान असतील. वाईट माणूस नाही. त्यांच्याही डोक्यावर कुणीतरी होता, त्याच्याही समोर पडदा होता. ते म्हणाले, "मशीन हजार गाड्या चालवतंय. तुझ्याच गाडीला पाणी लागतं काय? चहाला थांबला असशील."

 आठवी शिकलेल्या माणसानं मशीन चुकतं म्हणावं हे मलाच पटत नव्हतं.

दुसरा लाल वाणगावकडं, रस्त्याचं काम चालू होतं म्हणून. तेव्हा मी काही सांगायलाही गेलो नाही.

आणि जूनमध्ये माझी बायको आणि मुलगी यायच्या होत्या. लग्नाला सात वर्षं झाली, त्यातली दोन तरी आम्ही एका छपराखाली काढली असतील का, शंका आहे. मुलगी सहा वर्षांची झाली होती, पहिलीत घालायची होती. बोईसरात खोली ठरवून ठेवली होती, न्हाणीघर आत असलेली. शाळेतल्या बाईंना भेटून नाव लिहून आलो होतो. बायकोनं गावाकडं शेळी विकायला काढली होती. रोज फोनवर मुलगी विचारायची, "बाबा, तुमच्या गाडीत मला पुढं बसवताव का?" मी म्हणायचो, बसवतो. आणि फोन ठेवला की मनात म्हणायचो, अजून एक लाल झाला तर पुढं काय आणि मागं काय, गाडीच नसेल.

मे संपत आला होता. सकाळी गोदामात गाडी भरताना एक खोकं आलं, दोघांनी उचलावं लागेल असं. शिलाई मशीन, पायानं चालवायचं, स्टँडसकट. पत्ता त्या पाड्याचा. आमच्यातला एक जुना ड्रायव्हर कानाशी येऊन म्हणाला, "त्या बाजूला आत जाऊ नको. फाट्यावर उतरव, फोन कर, येतील उचलायला. तिकडं मास्तरीण पार येडी होते."

"आणि बटण?"

"बटण नाही दाबता येणार. होशील लाल, काय त्याचं?"

त्याचा तो महिन्यातला पहिला झाला असता. माझा तिसरा.

उन्हं चांगली वर आली तेव्हा मी फाट्यावर पोचलो. तिथून आतला रस्ता दोनतीन किलोमीटर बरा होता, मग त्याला दोन तोंडं फुटली. डावीकडं खडी टाकलेला रस्ता, उजवीकडं बैलगाडीची वाट, मधे गवत वाढलेलं. मास्तरीण म्हणाली, "दाएँ मुड़ें." डोक्यावर सरपणाचा भारा घेतलेली एक बाई डावीकडून येत होती. हीच ती बाय. मी काच खाली केली आणि पाड्याचं नाव सांगून रस्ता विचारला.

"आमच्याच पाड्यावं चालला," ती म्हणाली. भारा तसाच डोक्यावर. "इकडनं जा. शाळंवरनं. तिकडं शेता हायत, गाडी नाय जात."

तेवढ्यात मास्तरीण पुन्हा बोलली. "दाएँ मुड़ें. फिर चार सौ मीटर पर आपका गंतव्य है."

बाईनं मान खाली करून आत पाहिलं. "ही कोण बोलते?"

"मशीन आहे, मावशी."

"तिला आमचा पाडा म्हायती हाय?"

"तिला सगळं माहिती असतं."

"कधी आली व्हती?"

मी काच वर केली. शाळेवरून वळसा म्हणजे लाल. लाल म्हणजे खोली, शाळा, शेळी सगळं गेलं. मला कळत होतं की या बाईचा जन्म इथं गेलाय आणि ती खोटं बोलायचं काही कारण नाही. कळूनसुद्धा मी टेम्पो उजवीकडं घातला. आरशात ती दिसली, तिथंच उभी, भारा एका हातानं धरलेला, दुसरा हात वर करून काहीतरी सांगत.

वाट खरंच चारशे मीटर चालली. मग संपली. समोर खाली उतरत गेलेली खाचरं, सगळी कोरडी, भेगाळलेली. पलीकडं वीसतीस झाडं आणि त्यांच्यामागं घरांची कौलं. पडद्यावर निळा गोल त्या घरांवर नव्हता. तो अलीकडच्या एका बांधावर होता. मी आणि तो बांध यांच्या मधे एक तुकडा जमीन होती, सपाट, काळी, राखेनं भरलेली.

हे नंतर कळलं की पाड्यात फोनला रेंज फक्त त्या बांधावर मिळते. शिलाई मशीन मागवलं होतं बायच्या सुनेनं, आणि तिनं बांधावर उभं राहून मागवलं होतं. ठिकाण पडलं ते तिच्या पायाखालचं.

मला तेव्हा एवढंच दिसलं की दोन पावलं पुढं गेलो की गोलात जातो. आणि ती जमीन मला रिकामी वाटली. आमच्याकडं जळालेलं रान म्हणजे रिकामं रान. धसकटं पेटवली, बांधाचा धुरा पेटवला, आता नांगर येईपर्यंत तिथून कुणीही जावं, गुरं जावोत, गाडी जावो. धूळपेर, म्हणजे पावसाआधी कोरड्यात पेरणं, आमच्याकडंही करतात, पण ती कापसाची, सरी दिसते, माणूस बघून पाय उचलतो. राखेत काही पेरलेलं असेल हे माझ्या बापजाद्यांनी कधी पाहिलेलं नाही.

मी पहिला गिअर टाकला आणि राखेवर गाडी घातली.

निळा गोल जवळ आला, आला, आणि बटण हिरवं झालं. मी दाबलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला इतकं हलकं वाटलं की डोळ्यात पाणी आलं. पार्सल अजून गाडीतच होतं आणि मशीनमध्ये ते पोचलं होतं. मग मागं घ्यायला गेलो तर मागचं चाक बांधाच्या कडेला बसलं. जमीन वरून सपाट, आतून भुसभुशीत, कुणीतरी हातानं केल्यासारखी. मी रेस दिली. चाक जागेवर फिरलं, राख उडाली, माती उडाली. अजून रेस दिली. काचेवर सगळं काळं. पुढं घेतली, मागं घेतली, परत पुढं.

बाय धावत आली ती भारा टाकून. ओरडत होती. काचा बंद होत्या म्हणून मला तोंड तेवढं हलताना दिसलं. मी उतरलो.

"बी हाय!" ती म्हणत होती. "अरं बी हाय त्यात! बी हाय!"

मला कळेना. तिनं खाली बसून चाकाखालची राख मुठीत घेतली, फुंकर मारली आणि तळवा माझ्यापुढं धरला. काळ्या तळव्यावर भाताचे पाचसहा दाणे होते.

मग मला तिच्या सुनेनं समजावलं, ती शाळेत शिकलेल्या माणसासारखं सावकाश बोलायची. हा राब होता. उन्हाळाभर शेण, पालापाचोळा, झाडांचे टहाळे, गवत असं थरावर थर लावून त्यावर माती टाकायची, आणि वारा पडलेला बघून ते हळूहळू जाळायचं. जमीन भाजते, तण मरतं. त्या राखेत पाऊस यायच्या आधी भात पेरून ठेवायचं. पाऊस पडला की तिथं रोप दाट उगवतं, आणि ते उपटून सगळ्या खाचरांत लावायचं. म्हणजे तो तुकडा जमीन नुसता तुकडा नव्हता. वर्षाचं सगळं भात आधी त्या तुकड्यात असतं. दोन दिवसांपूर्वीच पेरलं होतं. बी घरचं, पेंढ्याच्या मुड्यात बांधून ठेवलेलं, जितकं होतं तितकं टाकलेलं.

मी म्हणालो, "मला माहीत नव्हतं."

बाय म्हणाली, "तुला सांगितला व्हता. तू त्या बाईचा ऐकलास. आमचा नाय ऐकलास."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

पाड्यावरचे पुरुष जमले. एकानं आत हात घालून चावी काढून घेतली. "भरून दे, मग ने गाडी," तो म्हणाला. दुसरा म्हणाला, "कशानं भरल हा? बी काय पार्सलानं येतंय?" त्यावर दोघंतिघं हसले, पण वाईट हसले. बायनं त्या चावीवाल्याकडं हात केला. "दे आदी. गाडी उबी राहील तितका बी मरल. काडा ती."

मग त्यांनी माझी गाडी काढली. फळ्या आणल्या, चाकाखाली टहाळे घातले, सातआठजण मागं लागले. सुनेचं शिलाई मशीन आधी उतरवलं, तेही राबावरूनच उचलून न्यावं लागलं. इतके पाय त्या राखेत नाचले की जे चाकाखाली मेलं नव्हतं ते पायांखाली गेलं. बाय बांधावर उभी राहून "इकडनं, इकडनं चाला" म्हणत होती. कुणी ऐकत नव्हतं, ऐकूनही उपयोग नव्हता, पाय द्यायला दुसरी जागा नव्हती.

गाडी वर निघाली आणि माझा फोन वाजला. बांधावर रेंज होती. सर होते.

"डिलिव्हरी होऊन सव्वा तास झाला. गाडी जागेवरच उभी का? शेतात काय करतोस?"

मी तोंड उघडलं. खरं सांगायचं तर काय सांगणार होतो? की मशीननं सांगितलं तिकडं गेलो आणि रुतलो? मशीन चुकत नाही. की मी खाली उतरायच्या आधी, पार्सल अजून गाडीत असताना बटण दाबलं? त्याला तर लालसुद्धा लागत नाही, त्याच दिवशी घरी.

"गावकऱ्यांनी अडवलीय, सर," मी म्हणालो.

हे मी बायच्या समोर म्हणालो. तिच्यात आणि माझ्यात दोन हात अंतर नव्हतं. माझ्या गाडीला ढकलून काळे झालेले सातआठ लोक तिथं उभे होते.  बाय माझ्याकडं बघत हळूच म्हणाली, "अडवली नाय, बाबा. रुतली."

सरांना मागचे आवाज ऐकू जात असावेत. ते म्हणाले, "कोण आहे तिथं? दे फोन. बोलतो मी. कशाला अडवली विचारतो."

माझा हात पुढं झाला नाही. मी गाडीला टेकलो. म्हणालो, "मावशी, माझी मुलगी येणार आहे. इथं शाळेत घालायची आहे. नोकरी जाईल." याहून जास्त काही सुचलं नाही. माझं मलाच ऐकू आलं तेव्हा लाज वाटली, पण मी थांबलो नाही, परत तेच म्हणालो. "नोकरी जाईल, मावशी."

तिनं माझ्या हातातून फोन घेतला. कानाला उलटा लावला, सुनेनं नीट करून दिला.

"हो," बाय म्हणाली. "आमी अडवली. शेतातनं गाडी घातली म्हणून अडवली. आता सोडतू." पलीकडून सर काहीतरी बोलले, बरंच बोलले. बाय ऐकत होती. "हो," ती म्हणाली. "नाय. नाय, मारला नाय कोणी. सोडतू म्हनला ना."

फोन माझ्या हातात दिला. चावीवाला माणूस थुंकला आणि निघून गेला. बाकीचेही गेले. सुनेनं तांब्याभर पाणी आणून दिलं, माझ्याकडं न बघता. मी प्यालो. नाकारायची हिंमत नव्हती.

"जा," बाय म्हणाली. "आता शाळंवरनं जा."

मी शाळेवरून गेलो. मास्तरीण टुक टुक करत राहिली. पण लाल लागला नाही. सरांनी 'गावकऱ्यांनी रस्ता अडवला' असं कारण लिहून तो पुसून टाकला. संध्याकाळी पाठीवर थाप मारून म्हणाले, "घाबरलास का? होतं असं तिकडच्या लोकांत." मी हसलो. ते हसू अजून माझ्या तोंडात कडू आहे.

पंधरा दिवसांनी बायको आणि मुलगी आल्या. बायकोला मी एवढंच सांगितलं की एकदा गाडी रुतली होती, लोकांनी काढून दिली. ती म्हणाली, "देव आहे." मी म्हणालो, "हो."

पाऊस लागला तसं मला झोप येईना. एका सुट्टीला वाणगावपर्यंत रेल्वेनं आणि पुढं माणसं भरून नेणाऱ्या वडाप जीपनं पाड्यावर गेलो. आवणी चालू होती, म्हणजे रोप उपटून खाचरांत लावायचं काम. बाय गुडघाभर चिखलात होती. मला ओळखलं. "आला," ती म्हणाली, जसं काही ठरलेलंच होतं. मी पँट वर केली आणि उतरलो. लावणं मला येत नाही, सुनेनं दोनदा माझी रोपं काढून परत लावली.

राब मी पाहिला. नुसता एकदाच पाहिला. दाट हिरवा, आणि मधून टेम्पोच्या चाकांएवढ्या अंतरानं दोन उघडे पट्टे, आणि बांधाजवळ जिथं मी रेस दिली तिथं मोठं उघडं भगदाड. खालची दोन खाचरं रिकामी राहणार होती. मग दुसऱ्या पाड्यावरच्या एकाकडनं त्यांनी रोप मागून आणलं. तसं मिळत नाही, त्याच्या बदल्यात बाय आणि सून दोघी पाच दिवस त्याच्या शेतात आवणीला गेल्या. आपली आवणी पाठी ठेवून.

जेवताना सून म्हणाली, "दादा, एक विचारू? शिलाई मशीनचा पट्टा तुटलाय. फोनवर मागवला तर घेत नाय. लिहून येतं, या ठिकाणी पोचवत नाहीत. आधी सगळं यायचं."

मी ताटातली भाकर हातातच धरून राहिलो. मला माहीत होतं ते काय आहे. ज्या ठिकाणी गाडी अडवतात असं कळतं ते ठिकाण मशीनमधून काढून टाकतात. सरांना फक्त एक बटण दाबायचं असतं. पाडा होता तिथंच होता, घरं होती तिथंच होती, पण मास्तरणीच्या वहीतून त्याचं नाव कटलं. सुनेनं ते शिलाई मशीन शाळेच्या पोरांचे कपडे शिवायला घेतलं होतं. आता धागा, सुई, काहीही लागलं तर बोईसर.

"बघतो," मी म्हणालो.

पट्टा मी बोईसरच्या बाजारातून घेतला आणि पुढच्या सुट्टीला स्वतः नेऊन दिला. ते सोपं होतं. अवघड होतं ते ऑफिसात गेलो तेव्हा. मी सरांना म्हणालो, "सर, तो वाणगावकडचा पाडा आहे ना. तिथला शाळेवरून रस्ता बरा आहे. चालू करायला हरकत नाही."

सर पडद्यावरून मान न काढता म्हणाले, "तूच सांगितलं होतंस ना, अडवतात म्हणून?"

तिथं मला सांगता आलं असतं. माझ्यापुढं बरोबर तेवढी जागा होती. शाळा सुरू होऊन महिना झाला होता, मुलीला दप्तर घेतलं होतं, ती वर्गात पुढच्या बाकावर बसते असं बायको रोज सांगायची.

"हो सर," मी म्हणालो.

"मग?"

"काही नाही."

हे मी बायला सांगितलेलं नाही. पट्टा दिला तेव्हा तिनं विचारलं, "पोरगी जाते शाळंत?" मी म्हणालो, जाते. ती म्हणाली, "बरा झाला." आणि खरंच तिला बरं वाटलं होतं, मी तिचं तोंड पाहिलंय.

मी रोज त्या फाट्यावरून जातो. मास्तरीण तिथं काही बोलत नाही. तिच्या लेखी आत काही नाही. मला मात्र दर वेळी उजव्या बाजूला बघावंसं वाटतं आणि मी बघत नाही.

बाय, तुझं बी तू माझ्या मदतीशिवाय परत उभं केलंस, ते मला फेडता येणार नाही. पण जे खोटं तू माझ्यासाठी तुझ्या तोंडानं बोललीस आणि सगळ्या पाड्याच्या माथी बसलं, ते मी काढून घेईन. दिवस सांगत नाही, कारण सांगितला आणि चुकवला तर तुझ्या नावावर अजून एक खोटं चढेल. एवढं सांगतो की गाडीची चावी सरांच्या टेबलावर ठेवून, मुलगी कुठं शिकते आणि उद्या काय खाईल याचा विचार न करता, मी घडलं ते घडलं तसं सांगीन. आणि तुझा पाडा परत मशीनमध्ये आल्याचं माझ्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्या टेबलापासून हलणार नाही.